गरम झालं की ठिणगी गायब : जुन्या जनरेटरचं इग्निशन कसं तपासावं?

आडवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वडिलांनी वर्षानुवर्षं वापरलेला एक पोर्टेबल जनरेटर माझ्याकडे आहे. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, पेट्रोलवर चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा. इग्निशन जुन्या पद्धतीचं आहे, म्हणजे कॉइल, सीबी पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर तिन्ही फ्लायव्हीलच्या पोटात. सहा-सात वर्षं तो झाकून ठेवला होता. मागच्या महिन्यात टाकी आणि कार्बोरेटर धुतला, ऑइल बदललं, नवा प्लग घातला आणि तिसऱ्या दोरीला तो सुरू झाला. तो ओळखीचा आवाज ऐकून घरातले सगळे बाहेर आले.

आता अडचण. वीस मिनिटं अगदी एका लयीत चालतो, लोड असो वा नसो. मग अचानक बंद पडतो. त्यानंतर कितीही दोरी ओढा, दाद देत नाही. अर्धा-पाऊण तास थंड होऊ दिला की पहिल्या-दुसऱ्या दोरीला पुन्हा सुरू.

एकाने सांगितलं, कॉइल गेली, नवी टाक. दुसरा म्हणाला कंडेन्सर. तिसऱ्याने कार्बोरेटरवर बोट ठेवलं. मला एकामागून एक पार्ट बदलत बसायचं नाही. या इंजिनाची मूळ कॉइल एकदा हातची गेली तर तशीच दुसरी मिळणं अवघड आहे. दोष नेमका कुठे आहे ते आधी कळावं, मगच हात घालावा असं वाटतं. सुरुवात कुठून करू?

निळीठिणगी

कॉइल. शंभर टक्के कॉइल. गरम झाल्यावर आतल्या तारेवरचं इनॅमल सोडतं, वेढे आपापसात शॉर्ट होतात. थंड झाली की पुन्हा ठीक. माझ्या दोन इंजिनांना हेच झालं होतं.

पान्हा१२

निळीठिणगी, शक्यता आहे, पण शंभर टक्के एवढ्यात म्हणू नका. गरम झाल्यावर बंद पडायला निदान चार कारणं मी स्वतः पाहिली आहेत आणि त्यातली दोन इग्निशनची नव्हतीच.

आडवाट, पहिलं काम टाकीच्या झाकणाचं. झाकणाला हवा आत घ्यायला बारीक भोक असतं. ते बुजलं असेल तर पेट्रोल जसं खाली जातं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरणं थांबतं. इंजिन बंद. मग आपण अर्धा तास दुसरीकडे लक्ष घालतो, तेवढ्यात हवा कुठून तरी झिरपते आणि इंजिन सुरू होतं. लोक म्हणतात 'थंड झाल्यावर सुरू झालं'. प्रत्यक्षात थंड होण्याशी त्याचा काही संबंध नसतो. बंद पडल्याक्षणी झाकण सैल करून बघा.

दुसरं व्हॉल्व्हचं. क्लिअरन्स कमी असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. याची खूण हाताला कळते : गरम असताना दोरी नेहमीपेक्षा हलकी लागते. तशी लागते का?

आडवाट

नाही. दोरी गरम असतानाही तशीच जड लागते, झटका व्यवस्थित जाणवतो. झाकण आज संध्याकाळी बघतो.

सांधेजोड

बंद पडतो म्हणजे कसा पडतो हे नीट ऐका. माझ्या लेखी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा टेस्टर आहे.

पेट्रोल कमी पडून बंद होणारं इंजिन आधी कुरकुरतं. आवाज वरखाली होतो, गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) थ्रॉटल उघडून त्याला सावरायला बघतो, चोक थोडा ओढला तर जरा वेळ तग धरतं आणि मग विझतं. ठिणगी जाऊन बंद पडणारं इंजिन स्विच बंद केल्यासारखं पडतं. एक क्षण चालू, दुसऱ्या क्षणी नुसता फ्लायव्हील फिरल्याचा आवाज.

आडवाट

सांधेजोड, तुम्ही दुसरं वर्णन केलंत ते हुबेहूब माझं आहे. आधी एक-दोन मिसफायर होतात, एखादा सायलेन्सरमधून ठो आवाज येतो आणि मग सरळ बंद. चोक ओढून उपयोग होत नाही.

झाकण सैल ठेवून चालवला. एकविसाव्या मिनिटाला बंद. म्हणजे झाकणावरचा आळ गेला.

सांधेजोड

सायलेन्सरमधून ठो आला म्हणजे ठिणगी चुकत होती. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरमध्ये गेलं आणि तिथे पेटलं. मी इग्निशनच्याच बाजूने कौल देईन.

दिवालावा

प्लग आणि वायर यांच्या मध्ये जोडायचा दिव्याचा टेस्टर मिळतो, तो लावून इंजिन चालवा. प्रत्येक ठिणगीला आतला दिवा लुकलुकतो. बंद पडताना डोळा त्याच्यावर ठेवा. दिवा आधी गेला की इंजिन आधी थांबलं? इंजिन मरत असताना दिवा शेवटच्या फेऱ्यापर्यंत लुकलुकत राहिला तर ठिणगीला दोष देऊ नका.

आणि बंद पडल्यावर लगेच तपासा. इंजिन थांबलं की फ्लायव्हीलच्या पात्यांची हवाही थांबते, त्यामुळे पहिली काही मिनिटं कॉइलचं तापमान उलट वाढतं. त्याच वेळी दोष पकडीत येतो. सामान शोधण्यात वेळ गेला की इंजिन थंड होतं आणि पुन्हा वीस मिनिटं चालवत बसावं लागतं.

ओंजळ

एक विनंती, सगळ्यांनाच. या तपासणीत इंजिन पुन्हा पुन्हा वीस-वीस मिनिटं चालवावं लागणार आहे. ते पूर्ण उघड्यावरच चालवा. शेडमध्ये नको, दार उघडं ठेवलेल्या गॅरेजमध्ये नको, खिडकीखाली तर नकोच. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं की लोकांना वाटतं दोरी ओढून दमलो, आणि तिथेच घात होतो. मी अशा प्रसंगातून एका माणसाला बाहेर ओढून काढलेलं आहे, म्हणून एवढं कळकळीने सांगते.

आडवाट

ओंजळताई, मोकळ्या अंगणातच चालवतो आहे आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला आहे. तरी तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलंत.

फिरकी

माझंही इंजिन असंच रुसलं होतं. सात-आठ दिवस कॉइल, पॉइंट, प्लग सगळं तपासलं. शेवटी कळलं की उंदराने स्विचकडे जाणारी काळी वायर कुरतडून तांबं उघडं पाडलं होतं. खाण्यासारखं एवढं काही आजूबाजूला असताना नेमकी तीच वायर त्याला आवडली!

जुनंतेसोनं

फिरकी, तुमचा उंदीर मुद्द्याच्या जागी दात लावून गेला आहे. नव्या मंडळींसाठी ती वायर जरा सविस्तर सांगतो.

अशा इंजिनाला बॅटरी नसते. फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक बसवलेले असतात, ते कॉइलच्या लोखंडी पट्ट्यांसमोरून गेले की कॉइलच्या जाड वेढ्यांत, म्हणजे प्रायमरीत, करंट तयार होतो. तेव्हा पॉइंट मिटलेले असतात. करंट भरात आला की कॅम, म्हणजे शाफ्टवरचा उंचवटा, पॉइंट उघडतो, करंट तुटतो, चुंबकक्षेत्र एकदम कोसळतं आणि हजारो बारीक वेढ्यांच्या सेकंडरीत कित्येक हजार व्होल्ट उठतात. तीच प्लगची ठिणगी. उघडताना पॉइंटवरच ठिणगी पडून करंट रेंगाळू नये म्हणून कंडेन्सर. फॅरेडेने १८३१ साली जे दाखवलं तेच आपण दोरीच्या एका हिसक्यात करतो. १८८७ मध्ये रॉबर्ट बॉश यांनी एका स्थिर गॅस इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला आणि १९०२ मध्ये त्यांच्याच कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग सिद्ध केला. आडवाटच्या अंगणातलं इंजिन त्याच घराण्यातलं. मला या गोष्टीचं अजूनही कौतुक वाटतं.

तर इंजिन बंद कसं करायचं? बॅटरी नाही, मग तोडायचं काय? उलट करायचं : प्रायमरीची जिवंत बाजू एका वायरने बाहेर आणून स्विचमधून बॉडीला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, चिकटवायची. मग पॉइंट उघडले तरी करंट तुटत नाही आणि ठिणगी पडत नाही. म्हणजे या वायरीला कुठेही बॉडी लागली की इंजिनाच्या दृष्टीने कोणीतरी स्विच बंद केलेला असतो. उंदीर, घासलेलं आवरण, स्विचच्या आतला गंज, काहीही. काही इंजिनांत ऑइल कमी झाल्यावर बंद करणारा सेन्सरही याच वायरीला बॉडी देतो. तो बिघडला तर ऑइल काठोकाठ असूनही करंट येत नाही.

म्हणून माझा सल्ला : कॉइलकडे जायच्या आधी ही वायर सोडवा.

आडवाट

जुनंतेसोनं काका, हे असं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो की स्विच बंद केला की करंट तुटतो!

माझ्या इंजिनाला ऑइल सेन्सर नाही. उद्या वायर सोडवून आणि दिव्याचा टेस्टर लावून चालवतो. (वायर सोडवल्यावर बंद चोकने करेन.)

निळीठिणगी

करा, पण शेवटी कॉइलच निघेल. :)

कडबाकुट्टी

थोडं विषयांतर. माझं दोन टाक्यांचं इंजिन आहे, पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर न्यायचं. प्लग दर काही दिवसांनी काळा होतो आणि ठिणगी मरते. दर वेळी पॉलिश पेपरने घासतो. अजून काय करावं?

पान्हा१२

पॉलिश पेपर प्लगला लावू नका. दगडी भागावर बारीक ओरखडे राहतात, त्यात कार्बन आणखी घट्ट धरतो. तारेचा ब्रश आणि पेट्रोल पुरे.

तुमचं इंजिन बहुधा पुरेसं तापायच्या आधी रॉकेलवर जातं. आणि बंद करायच्या आधी काही मिनिटं पुन्हा पेट्रोलवर आणता का? तसं केलं नाही तर कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरतं आणि पुढच्या वेळी थंड इंजिनाला तेच मिळतं. प्लग ओला, काळा आणि दोरी ओढून हात भरून येतात.

कडबाकुट्टी

बंद करताना पेट्रोलवर आणत नव्हतो. कारण सापडलं. आभार. प्लग जरा गरम जातीचा, म्हणजे टोक जास्त तापणारा, लावला तर?

पान्हा१२

मॅन्युअलमध्ये असेल तोच लावा. बदलायचाच झाला तर एक लक्षात ठेवा : एनजीकेच्या प्लगवरचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, बॉशचं बरोबर उलट. आकडा बघून एकाचा पर्याय म्हणून दुसरा घेतला तर फसगत होते.

दोरखंड

माझा अनुभव वेगळा आहे, पण इथे उपयोगी पडेल. दोरी ओढली की इंजिन उलटा हिसका द्यायचं, एकदा तर मूठ हातातून निसटून कव्हरवर आपटली. ठिणगी झकास, निळी, जाड. पेट्रोल ताजं. तरी सुरू होईना, कधी कार्बोरेटरमधून ठो करायचं. फ्लायव्हील काढल्यावर दिसलं की आतली चावी (शाफ्टवर फ्लायव्हीलची जागा पक्की करणारा छोटा धातूचा तुकडा) अर्धी कातरली गेली आहे. फ्लायव्हील शाफ्टवर जरासं सरकलं होतं, म्हणून चुंबक चुकीच्या वेळी येत होता. ठिणगी होती, वेळ चुकली होती. 'प्लगला करंट येतो म्हणजे इग्निशन ठीक' असं समजू नका.

निळीठिणगी

दोरखंड, सहमत. आणि उघड्यावर दिसणारी ठिणगी तशीही फसवी असते. हवेत प्लगच्या ०.७ मिमी फटीत ठिणगी पाडायला फार ताकद लागत नाही, सिलिंडरमध्ये दाबाखाली त्याच फटीसाठी कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून ठिणगी तपासायचा टेस्टर चार-सहा मिलिमीटर फटीचा असतो. ती फट ओलांडली तर कॉइल दमदार. प्लग बॉडीला धरून 'पडतेय की' म्हणणारे बरेच जण तिथेच चकतात.

एक सांभाळा, प्लगच्या उघड्या भोकाजवळ ठिणगी पाडू नका. दोरी ओढली की तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि वायर अधांतरी ठेवून दोरी कधीच ओढू नका. ठिणगीला बाहेर जागा मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतच जागा शोधते आणि चांगली कॉइल खराब होते.

आडवाट

आजचा निकाल.

काळी वायर स्विचमागून सोडवली, टोकाला टेप गुंडाळला. प्लगजवळ दिव्याचा टेस्टर. एकोणीस मिनिटं दिवा नियमित लुकलुकत होता. मग एकदम दोन-तीन वेळा चुकला, इंजिनाने ठो केलं, आणि दिवा आधी गेला. इंजिन त्यानंतर थांबलं. लगेच चार दोऱ्या ओढल्या, दिवा अजिबात नाही. चाळीस मिनिटांनी पहिल्याच दोरीला दिवा आणि इंजिन दोन्ही सुरू.

म्हणजे ठिणगीच जाते, हे आता नक्की. पण वायर सोडवूनही गेली, त्यामुळे वायर निर्दोष. निळीठिणगी, तुमची कॉइल पुढे सरकली आहे.

निळीठिणगी

म्हटलं नव्हतं?

जुनंतेसोनं

आडवाट, एक मिनिट. वायर तुम्ही कुठे सोडवलीत? स्विचजवळ सोडवली तर निर्दोष सुटला तो फक्त स्विच. स्विचपासून फ्लायव्हीलच्या पोटापर्यंतची सगळी वायर अजून कॉइललाच जोडलेली आहे. ती वाटेत कुठेही बॉडीला लागत असेल तर स्विचकडचं टोक मोकळं असून काही फायदा नाही.

इंजिनाच्या कव्हरपाशी, जिथे ती बाहेर येते, तिथे गोळीसारखा जोड असेल. तिथे सोडवून पुन्हा चालवा.

आडवाट

बरोबर! स्विचजवळच सोडवली होती. जोड सापडला, कव्हरच्या मागे, ऑइलच्या थराखाली.

(दोन तासांनंतर) तिथे सोडवून चालवला. बावीस मिनिटं, मग तेच. आता उरलं फ्लायव्हीलच्या आत जे आहे ते.

रानपाखरू

वाचतेय. पुढचा भाग लवकर टाका, मालिकेसारखी वाट बघतेय.

सुटाभाग

आता फ्लायव्हील काढणारच आहात तर पॉइंट आणि कंडेन्सर फेकून एक छोटा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाका. बाहेरच बसतो, पुढे गॅप नाही, घासणं नाही, काही नाही. मी टाकला, इतक्या वर्षांत हात लावायची वेळ आली नाही.

जुनंतेसोनं

मॉड्यूल वाईट नाही. पण तो सगळ्याच कॉइलशी जुळत नाही, चुंबकाची दिशा आणि वायरींची उलटापालट जमली नाही तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते. आणि तो गेला की गेला. रानात एकटे असताना पॉइंट मात्र कागदाच्या चिटोऱ्याने जिवंत करता येतो. शिवाय इथे दोष सापडण्याआधी मॉड्यूल टाकला आणि दोष कॉइलमध्ये असला तर आडवाट आहेत तिथेच राहतील.

सुटाभाग

शेवटचा मुद्दा मान्य. पहिल्या मुद्द्यावर आपण वेगळा धागा काढू.

चिमटापक्कड

फ्लायव्हील काढताना :

पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवून फ्लायव्हील रोखू नका, पातं तुटलं की तोल जातो. पट्ट्याचा पाना नसेल तर दोरीची युक्ती करा. प्लग काढा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वाटेवर अर्ध्यात आणा, प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा (टोक बाहेर राहू द्या!) आणि नट ढिला करा. पिस्टन दोरीवर टेकून थांबतो. पुलर वापरा. शाफ्टच्या टोकावर हातोडा घालणारे क्रँक वाकवतात, आणि चुंबकालाही असे धक्के मानवत नाहीत.

निघाल्यावर फ्लायव्हील जमिनीवर ठेवू नका, चुंबक सगळा लोखंडी कीस गोळा करतो.

आडवाट

दोरीची युक्ती जमली. पुलरने टक् असा आवाज झाला आणि फ्लायव्हील हातात आलं. चावी शाबूत आहे. आत वडिलांच्या हाताने कॅमवर लावलेल्या ग्रीसचा वाळलेला ठिपका अजून तसाच होता, तो बघून थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

पॉइंट काळसर, पण खड्डा नाही. गॅप फीलर गेजने ०.३५ मिमी भरला. मीटरने कॉइलची प्रायमरी मोजली, एक ओहमच्या जवळ. सेकंडरी साडेआठ हजार. आता पुढे?

पान्हा१२

पॉइंटला खड्डा-उंचवटा नाही म्हणजे कंडेन्सर बऱ्यापैकी काम करत होता. कंडेन्सर मेला की पॉइंट लवकर जळतात. आकडेही ठीक दिसतात, पण ते थंड कॉइलचे. थंड अवस्थेत तर इंजिनही चालतंच.

दिवालावा

दोष टेबलावर घडवून आणा. केस वाळवायचा ड्रायर घ्या. एका वेळी एकच वस्तू गरम करा आणि मीटरवर लक्ष ठेवा. आधी कॉइल, मग थंड होऊ द्या, मग कंडेन्सर. सगळं एकदम तापवलं तर काहीच कळणार नाही.

जुनंतेसोनं

आणि वायर विसरू नका. पॉइंटच्या टर्मिनलपासून बाहेरच्या जोडापर्यंतचा जो तुकडा फ्लायव्हीलच्या खालून जातो, तो अजून कोणीच तपासलेला नाही.

तो मोजताना टर्मिनलवरून कॉइलची आणि कंडेन्सरची वायर दोन्ही सोडवा आणि पॉइंटमध्ये जाड कागद सरकवा. कॉइल जोडलेली ठेवली तर मीटर कायम बॉडी शॉर्टच दाखवणार, कारण प्रायमरीचं दुसरं टोक बॉडीलाच असतं आणि तिचा रोध जेमतेम ओहमभर. इथे भले भले फसतात. सगळं सोडवल्यावर वायर आणि बॉडीमध्ये मीटरने काहीही दाखवता कामा नये.

आडवाट

सापडलं! सापडलं! सापडलं!

क्रमाने सांगतो. ड्रायरने कॉइल दहा मिनिटं तापवली, हात लावता येणार नाही इतकी. प्रायमरी होती तशीच. सेकंडरी थोडी वाढली, तांबं तापल्यावर वाढते तेवढीच. कंडेन्सर तापवला, मीटरवर गळती नाही. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे सगळं सोडवलं, पॉइंटमध्ये पुठ्ठा सरकवला, एक प्रोब वायरीला, एक बॉडीला, मीटर बीपवर. गप्प. ड्रायर वायरीवर धरला. तीन मिनिटं काही नाही. मग एकदा 'टिक', पुन्हा शांतता, आणि मग सलग बीssप.

ड्रायर काढला. पाच-सहा मिनिटांनी बीप आपोआप थांबला. पुन्हा तापवला, पुन्हा वाजला. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच.

वायर प्लेटवर एका छोट्या पत्र्याच्या क्लिपखालून जाते. क्लिप उचलून भिंगातून पाहिलं. वरून आवरण चांगलं दिसत होतं, पण क्लिपच्या कडेखाली त्याला तिरपी चीर होती, तांदळाच्या दाण्याएवढी. थंड असताना कडक आवरण तांब्याला पत्र्यापासून केसभर दूर धरायचं. गरम झालं की आवरण मऊ पडायचं, क्लिपचा दाब त्याला दाबायचा आणि तांबं पत्र्याला टेकायचं. म्हणजे वीस मिनिटांनी इंजिन स्वतःच स्वतःचा स्विच बंद करत होतं.

निळीठिणगी

माझा अंदाज चुकला आणि मला त्याचा आनंद आहे. मी सांगितलं तसं केलं असतंत तर एक उत्तम कॉइल गेली असती. अभिनंदन. आणि काका, तुम्हाला सलाम.

रानपाखरू

वायरीचं ऐकून अंगावर काटा आला. टाळ्या!

सांधेजोड

थांबा, एक शंका. नवी कॉइल टाकतानाही ती वायर हलली असती, क्लिप पुन्हा बसवली असती. कदाचित दोष तात्पुरता गेला असता आणि सगळ्यांनी म्हटलं असतं की कॉइलच होती!

पान्हा१२

सांधेजोड, अगदी हेच माझ्या मनात आलं. किती चांगल्या कॉइली अशा भंगारात गेल्या असतील.

आडवाट

आता दुरुस्तीबद्दल विचारतो. त्या जागी टेप गुंडाळू का?

चिमटापक्कड

टेप नको. तिथली उष्णता आणि ऑइलची वाफ यांत टेपचा डिंक वितळतो, टेप सुटून फिरत्या फ्लायव्हीलमध्ये जाईल. पूर्ण तुकडा बदला. उष्णता सहन करणारी सिलिकॉन किंवा टेफ्लॉन आवरणाची वायर घ्या, जुन्या वायरीइतक्याच जाडीची, म्हणजे क्लिपमध्ये बसेल. वरून काचतंतूची नळी सरकवा. क्लिपची कड कानशीने गोल करा, मूळ गुन्हेगार तीच आहे. जिथे वायर प्लेटमधून बाहेर पडते तिथलं रबर कडक झालं असेल तर तेही नवं.

बसवल्यावर फ्लायव्हील हाताने चार वेळा फिरवा आणि कान द्या. कुठेही घासल्याचा आवाज येता कामा नये.

जुनंतेसोनं

हात घातलाच आहे तर पॉइंटवरची काजळी काढून घ्या. बारीक कानशीचा एक-दोनदा हलका हात, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढा, कागद स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी कोरडा कागद. तेलकट बोट लागू देऊ नका, पॉइंटवर तेलाचा पापुद्रा बसला की करंट जात नाही. कॅमच्या फेल्टला ऑइलचा एकच थेंब. फ्लायव्हील घालताना शाफ्ट आणि आतला टेपर (निमुळता भाग) दोन्ही कोरडे पुसा, तिथे ऑइल अजिबात नको. फ्लायव्हीलला खरी पकड त्या टेपरची असते, चावी फक्त जागा दाखवते.

दोरखंड

काकांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. माझी चावी कातरली होती कारण आधी कोणीतरी नट ढिला ठेवला होता.

आडवाट

नवी वायर टाकली, वरून नळी, क्लिपच्या कडा गोल, रबर नवं. गॅप पुन्हा तपासला, ०.३५ कायम. फ्लायव्हीलवरची 'एफ'ची खूण (ठिणगी पडायच्या वेळेची) समोर येते त्याच क्षणी पॉइंट उघडतो हे मीटरवर पाहून घेतलं. चुंबकांवर आणि कॉइलच्या पायांवर गंजाची बारीक पूड होती, ती पॉलिश पेपरने काढली. प्लगच्या वायरीचं टोक पाच मिलिमीटर कापून कॅप नव्या तांब्यावर फिरवून बसवली.

आज दुपारी दुसऱ्या दोरीला सुरू झाला. विसावं मिनिट आलं तेव्हा मी आणि माझा मुलगा दोघंही श्वास रोखून टेस्टरच्या दिव्याकडे बघत होतो. दिवा लुकलुकत राहिला. तीस, चाळीस. मग अर्धा लोड दिला. दोन तास दहा मिनिटांनी टाकीतलं पेट्रोल संपत आलं म्हणून मीच बंद केला, आणि बंद करायचा स्विचही चोख काम करतो आहे.

जुनी वायर एका पाकिटात घालून जनरेटरच्या हँडलला बांधून ठेवली आहे, चीर पडलेली बाजू वर.

कडबाकुट्टी

अभिनंदन! आणि माझाही अहवाल : गेले चार दिवस बंद करण्याआधी पेट्रोलवर आणतोय, प्लग फिकट तपकिरी आहे.

फिरकी

आडवाट, तो जनरेटर पुन्हा झाकून ठेवणार असाल तर पाकिटातली वायर उंदरांपासून सांभाळा. :)

आडवाट

झाकून ठेवणार नाही आता. महिन्यातून एकदा अर्धा तास लोडवर चालवायचा असं मुलाने ठरवलं आहे. दोरी तोच ओढणार म्हणतो.